समुद्र डावीकडे ठेवा

कोकणच्या किनाऱ्याने मोटारसायकलवर जायचं म्हटलं की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. मुंबई-पुण्याहून निघायचं, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन असं खाली खाली सरकत जायचं आणि सुट्टी उरली तर गोव्यात उतरायचं. नकाशावर हे सरळ दिसतं. पण रस्त्याची मजा घ्यायची असेल तर हा बेत उलटा करावा. आधी घाटाने दक्षिणेला उतरावं आणि मग किनाऱ्याने उत्तरेकडे वर यावं.

कारण अगदी साधं आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे राहतो, म्हणजे आपल्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणारी अख्खी वाहतूक असते. थांबावंसं वाटलं तर वळणावर रस्ता ओलांडा, गाडी उलट्या अंगाला लावा, परत निघताना पुन्हा तोच जीवघेणा प्रकार. उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला असतो. मान जराशी वळवली की खाली लाटा दिसतात आणि थांबायचं तर डावा इंडिकेटर देऊन सरळ कडेला व्हायचं.

दुसरं कारण उन्हाचं. आपला फिरण्याचा हंगाम म्हणजे दिवाळी ते होळी. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. दक्षिणेला तोंड करून चाललात तर दुपारनंतर तो थेट हेल्मेटच्या काचेत येतो, आणि चकाकणाऱ्या पाण्यावरून परतलेली तिरीप वेगळीच. उत्तरेकडे चाललात की दिवसभर ऊन पाठीशी राहतं, पाण्याचा रंग खुलून दिसतो, रस्त्यावरचा खड्डाही वेळेत दिसतो. मात्र पाठीशी ऊन म्हणजे समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत ऊन, त्यामुळे आपण त्याला नीट दिसत नाही. २०१७ नंतरच्या गाड्यांचा दिवा आपोआप चालू राहतो. गाडी त्याआधीची असेल तर दिवसासुद्धा दिवा लावूनच चालवा.

एक सावधगिरी मात्र हवी. समुद्राच्या बाजूला राहणं म्हणजे कड्याच्या बाजूलाही राहणं. सागरी रस्त्याला पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, आणि डांबराची कड संपते तिथे जांभ्याची लाल, गोल गोल खडी पसरलेली असते. समोरून एसटी आली की नवखा माणूस दचकून आणखी डावीकडे सरकतो आणि पुढचं चाक त्या खडीत जातं. सरकू नका. वेग कमी करा, आपली रेघ धरून राहा. एसटीच्या ड्रायव्हरला आपल्या गाडीची रुंदी आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

आता रस्ते. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग एका दमात करावा असं मला कधीच वाटलेलं नाही. त्यात चांगले तुकडे आहेत, कंटाळवाणे तुकडे आहेत, आणि नुसता नकाशावर सलग दिसणारा भागही आहे. एका घाटाने उतरायचं, एक चांगला तुकडा निवांत करायचा आणि दुसऱ्या घाटाने वर यायचं, हे शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून होतं. अशा तीन फेऱ्या सांगतो. त्यातली पहिली माझी सर्वांत आवडती आहे, तेव्हा तिच्यावर जास्त शाई जाणार.

ही फेरी आंबा घाटाने उतरून कुंभार्लीने चढायची. कोल्हापूर, सांगली, कराडकडच्यांना ती घरचीच, पुणेकरांनाही फार लांब नाही. कोल्हापूर ते रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. मलकापूर सोडलं की ऊस मागे पडतो आणि आंबा गावापाशी जंगल सुरू होतं. या भागात गवे आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येतात आणि हॉर्न वाजवला म्हणून बाजूला होत नाहीत. लांबच थांबावं, इंजिन चालू ठेवावं, त्यांचं त्यांना जाऊ द्यावं. घाट उतरून साखरपा, नाणीज, हातखंबा करत दुपारनंतर रत्नागिरी गाठावी आणि तिथेच मुक्काम करावा. संध्याकाळी हौसेने आरे-वारेला धाव घेऊ नये. तो रस्ता सकाळचा आहे.

सकाळी सात-साडेसातला रत्नागिरी सोडा. शिरगाव, साखरतर, कासारवेली करत रस्ता आऱ्याच्या किनाऱ्याशी येतो. सुरूच्या झाडांतून जाणारा सपाट तुकडा संपला की रस्ता एकदम टेकडी चढतो. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, घाई करू नका, कारण माथ्यावरचं वळण बंद आहे, पलीकडचं काही दिसत नाही. त्या माथ्यावरून मागे आऱ्याची वाळू दिसते आणि पुढे वाऱ्याची. मधली टेकडी एखाद्या नाकासारखी पाण्यात शिरलेली. थांबायचं तर वळणावर थांबू नका, थोडं पुढे जाऊन रुंद जागा बघा. सुट्टीच्या दिवशी दहा वाजल्यानंतर इथे सेल्फीवाल्यांच्या मोटारी निम्मा रस्ता अडवून उभ्या असतात. म्हणून सातचा मुहूर्त.

आरे-वारे मार्गे गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर आहे. मनात आणलं तर पाऊण तासात होईल, दोन तास लावावेत असं माझं मत. पुळ्याला दर्शन आणि मोदक झाले की पुढे लगेच मालगुंड लागतं. केशवसुतांचं हे जन्मगाव, त्यांचं स्मारक रस्त्यालगतच आहे. तिथून वरवडे, नांदिवडे करत जयगड. नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ कातळाच्या कडेवर बसलेलं आहे आणि खाली लाटा आदळतात. फाटा चुकवू नका. जयगडजवळ एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. निवळीहून बंदराकडे येणारा मोठा रस्ता अवजड वाहनांचा आहे. त्यावर आलात की निसर्ग विसरा, आरशात बघत चला.

जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते आणि इथून या रस्त्याचं खरं वैशिष्ट्य सुरू होतं. फेरीबोट, किंवा गावच्या भाषेत जंगलजेट्टी. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, अशा खाड्या आपण गाडीसकट बोटीवरून ओलांडतो. यातली दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली, आणि तिने दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांतलं शंभराहून अधिक किलोमीटरचं अंतर काही मिनिटांवर आणलं. काही खाड्यांवर आता पुलांची कामं चालू आहेत. पूल झाले की वेळ वाचेल हे खरंच, पण बोटीची मजा घ्यायची तर ती आत्ताच घ्यावी.

दुचाकीवाल्याचं या बोटीवर फार चालतं. सुट्टीच्या दिवशी मोटारी तासतासभर रांगेत उभ्या असतात, पण दोन मोटारींच्या मधल्या फटीत एखादी मोटारसायकल नेहमी मावते. रांगेच्या कडेने हळू पुढे जा, तिकीट काढा, बोटीवरच्या खलाशाच्या नजरेला पडा. तो हात करतो.

आणि इथेच माणसं पडतात. धक्क्याचा उतार सिमेंटचा, त्याच्या टोकाशी बोटीचं लोखंडी फाळकं टेकलेलं, दोन्हीवर पाणी आणि गाळ. ओहोटीला उताराचा खालचा, एरवी पाण्यात असणारा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं आणि बोटही खाली गेल्याने चढ-उतार जास्त तीव्र होतो. अशा वेळी मागे बसलेल्याला उतरवून पायी पाठवा. पहिला गिअर टाका, दोन्ही पाय जमिनीला घासत ठेवा, हँडल सरळ. पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावू नका, लागलाच तर मागचा, तोही अलगद. फाळक्यावर मध्येच थांबू नका, वळू नका. आत गेल्यावर खलाशी सांगेल तिथे लावा. "भाऊ, गिअर टाकून ठेवा," असं तो म्हणेलच. गाडी गिअरमध्ये, साइड स्टँडवर, हँडल डावीकडे लॉक, आणि बोट सुटताना-लागताना एक हात गाडीवर. मधल्या वेळात काठाशी जाऊन बगळे बघा.

भरती-ओहोटीचा अंदाज बांधायला किनाऱ्यावरच्या माणसाला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊण तासाने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला पुळ्याला निघालात तर तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी, म्हणजे जयगडला उतार निसरडा मिळणार, हे घरीच कळतं. हिशेब ढोबळ आहे, तास-अर्धा तास इकडे तिकडे होतो, पण आपल्या कामाला पुरतो.

बोट चुकली किंवा बंद असली तर काय, हेही आधी ठरवून ठेवा. जयगडला अडकलात तर राई-भातगावच्या पुलावरून वळसा घालून गुहागर तालुक्यात जाता येतं. दाभोळला मात्र असा जवळचा पर्याय नाही, दापोली-खेड-चिपळूण असा मोठा फेरा पडतो. म्हणून शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच फोन करून विचारून घ्या आणि तिच्या आधीची बोट पकडायची असं धरून चला. पावसाळ्यात तर हवामानाप्रमाणे फेऱ्या रद्द होतात.

तवसाळला उतरलात की रस्ता अरुंद होतो आणि गर्दी जवळपास संपते. रोहिले, मग हेदवी. हेदवीचा दशभुज गणपती सगळ्यांना ठाऊक असतो, पण किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळामागे कातळात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. पूर्ण भरतीला लाट त्या फटीत शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली भेग दिसेल आणि सांगणाऱ्याला शिव्या द्याल, तेव्हा वरचा तिथीचा हिशेब इथेही करा. ओल्या कातळावर रायडिंगचे बूट घालून मात्र जाऊ नका. पुढे वेळणेश्वर, पालशेत आणि गुहागर. हेदवी ते वेळणेश्वर रस्ता कधी सड्यावर चढतो, कधी आगरात उतरतो. सड्यावर मोकळा कातळ आणि वारा, खाली उतरलं की नारळी-पोफळीचा गारवा आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. या गडग्यांमधून रस्ता एका मोटारीपुरता असतो आणि कुठल्याही बेड्यातून पोर, कोंबडी किंवा सायकल अचानक बाहेर येते. वीसच्या वर जाऊ नका. तिथली माणसं आपल्या अंगणातच असतात, रस्ता त्यांच्या अंगणातून गेलेला आहे.

गुहागरला दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी चिपळूण आणि मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड. कुंभार्लीवर ट्रकची वर्दळ असते, पण चढणीला इंजिन चांगलं ऐकतं आणि वर पोचल्यावर हवा एकदम बदलते.

पुणे-मुंबईकरांची फेरी आटोपशीर आहे. पुणेकरांनी ताम्हिणी घाटाने उतरावं. मुळशीच्या पाण्याकडेने जाणारा रस्ता सुरेख आहे. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे अर्धं पुणं धबधब्याखाली उभं असतं, तेव्हा शक्यतो आडवारी जा, नाहीतर पहाटे पाचला घर सोडा. निजामपूर, माणगाव, म्हसळा करून श्रीवर्धन. पेशव्यांचं हे मूळ गाव. इथून दिवेआगरला दोन रस्ते जातात. बोर्ली पंचतनवरून आतला रस्ता घेणारे खूप, आपण तो घ्यायचा नाही. आरावी, कोंडविल, शेखाडी असा किनाऱ्याचा रस्ता घ्यायचा. महाराष्ट्रातल्या सागरी रस्त्यांत पाण्याच्या इतक्या जवळून, इतका वेळ जाणारा दुसरा तुकडा माझ्या माहितीत नाही. रस्ता डोंगराच्या पायथ्याला चिकटून जातो, उजवीकडे उतार आणि डावीकडे खडक, त्यावर फुटणारी लाट. जेमतेम वीस किलोमीटरचा. हाच तुकडा कुणी दिवेआगरहून खाली येताना केला असेल, तर त्याने परत एकदा उलट दिशेने करून बघावा, दोन्ही वेळचा रस्ता वेगळा वाटेल.

दिवेआगरहून दिघी, तिथून बोटीने आगरदांडा. खाडीच्या तोंडाशी सिद्दीचा जंजिरा. पुढे मुरूड आणि मुरूड ते काशीद. या पट्ट्यात डावीकडे समुद्र आणि उजवीकडे फणसाडच्या अभयारण्याचा डोंगर. काशीदला गर्दी, पार्किंगवाले आणि वाळूत रुतलेल्या स्कूटर. थांबलं नाही तरी चालेल. कोर्लईचा किल्ला मात्र चुकवू नका. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. साळावचा पूल ओलांडून रेवदंडा, चौल, नागाव. हा रस्ता सुपारीच्या वाड्यांतला आहे, सावलीचा आणि अरुंद. मुंबईकरांनी अलिबागहून महामार्गाच्या नादी न लागता सरळ मांडव्याला जावं. २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो बोट चालते, ती गाड्या घेते आणि तासाभरात मुंबईत सोडते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, त्यावर मी अधिक काही बोलत नाही.

तिसरी फेरी दक्षिणेची. आंबोलीने उतरायचं, सावंतवाडी, वेंगुर्ले, मग कर्लीची खाडी ओलांडून मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड, आणि फोंडा घाटाने वर. इथे खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे बोटींचं वेळापत्रक सांभाळावं लागत नाही. आचऱ्याजवळून तोंडवळी-तळाशीलचा फाटा घ्या. जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि टोकाला रस्ताच संपतो. आल्या वाटेनेच परत यावं लागतं, म्हणून घाईतले लोक तिकडे फिरकत नाहीत. आंबोलीत धुकं दाट असतं. त्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर, वीस-पंचवीसने, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चला.

कोणत्या महिन्यात जावं, हा प्रश्न येतोच. माझं पहिलं मत दसऱ्यानंतरच्या पंधरवड्याला. पाऊस ओसरलेला, गवत अजून उभं, ओढे वाहते. सप्टेंबरात सड्यांवर रानफुलांचे गालिचे असतात, पण सर येतेच. डिसेंबर-जानेवारी सुखाचे, फक्त नाताळ ते एक जानेवारी किनाऱ्यांकडे पाहू नये. फेब्रुवारी-मार्चला निघालात तर वेसवीजवळच्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतील. आणि शिमग्यात आडगावच्या रस्त्यावर दोरी आडवी धरून पोरं पोस्त मागतात. चिडू नका, सुटे पैसे ठेवा, पालखी समोर आली तर इंजिन बंद करून कडेला थांबा. मे महिन्यात आंबे आहेत, पण अंगातल्या जॅकेटची भट्टी होते. गणपतीच्या आधीचे चार दिवस चाकरमान्यांचे. त्या दिवसांत रस्ते त्यांना मोकळे सोडावेत.

पावसाळ्यात जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण तेव्हा किनारा सोडून घाट निवडावा आणि निघण्यापूर्वी तो चालू आहे का हे पोलीस किंवा स्थानिक बातम्यांतून पाहावं. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवतात. भोरमार्गे उत्साहाने तिथवर जाऊन परत फिरलेले लोक दरवर्षी भेटतात.

गाडी कोणती, याचा फार बाऊ करू नका. गडग्यांमधल्या बोळांत आणि बोटीच्या फाळक्यावर हलकी गाडी सोयीची पडते. १२५ किंवा १५० सीसीची गाडी या रस्त्यांना भरपूर झाली. मोठी गाडी असेल तर असो, पण ती घाटात दमाने चालवण्याची सवय हवी. निघण्यापूर्वी टायर, ब्रेकचे पॅड आणि चेन बघा. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप पुरे, तारेचं चाक असेल तर एक ट्यूब सोबत घ्या, कारण वाड्यांमध्ये तुमच्या मापाची ट्यूब मिळणार नाही. खारी हवा आणि वाळू चेनला खातात. रोज रात्री मुक्कामी चेन पुसून तेल द्या आणि घरी आल्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवा, रविवारची वाट बघू नका. लाल मातीत साइड स्टँड रुततो, त्याखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी ठेवावी. वाळूत गाडी उतरवू नये. ती रुतते, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि कासवांची घरटी त्याच वाळूत असतात.

पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरा, टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपाची वाट न बघता. रेंज नसली की यूपीआय चालत नाही, म्हणून रोख ठेवा. जेवणाचं तासभर आधी फोन करून सांगा. किनाऱ्यावरच्या घरगुती खाणावळींत माणसं मोजून तांदूळ लावतात. दुपारी दोनला दारात उभं राहून मासे मागितलेत तर सोलकढीसुद्धा मिळणार नाही.

घाट उतरताना एकच जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा. इंजिनाने गाडी रोखली की ब्रेक थंड राहतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे शहाणे अजून आहेत, त्यांच्या मागे जाऊ नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचाही नियम आहे. बंद वळणापूर्वी एक छोटा हॉर्न द्या. वळणात शिरण्याआधी वेग उतरवा, वळणात ब्रेक दाबू नका, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. गाडी नजरेमागे जाते. सागाचा पाचोळा, गुरांचं शेण, गाळलेल्या डिझेलचा डाग, यावर झुकू नका.

आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री ऊब घ्यायला गुरं बसतात, काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसते. दिवसाचं अंतर म्हणूनच कमी धरावं. किनाऱ्याने तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडतात, बोटीसाठी तास-दीड तास वेगळा. दिवसाला सव्वाशे किलोमीटर ही भली मोठी मजल झाली. मित्रांच्या घोळक्यात कुणी तीनशेचा बेत मांडला तर त्याला महामार्गाने पाठवा आणि संध्याकाळी गुहागरला भेटायला सांगा. सायलेन्सर बदललेल्या गाडीवाल्यालाही त्याच्याबरोबरच पाठवा. दुपारी एक ते चार किनाऱ्यावरची गावं वामकुक्षी घेत असतात.